एट्नाचे फूल आणि यॉर्कचे तण

सिसिली बेटावरील एट्ना ज्वालामुखीच्या उतारावर सेनेशियो वंशाच्या दोन जाती वाढतात. एक शिखराकडे, दुसरी पायथ्याकडे. मधल्या पट्ट्यात त्यांचा संकर होतो. ह्या संकराची रोपे इ. स. १७०० च्या सुमारास इंग्लंडात नेण्यात आली व पुढे ऑक्सफर्डच्या वनस्पतिउद्यानात वाढू लागली. १७९४ पर्यंत ती उद्यानाबाहेर पडून शहराच्या भिंतींवर फुलू लागली होती. १८४४ मध्ये ऑक्सफर्डास आगगाडी आली. रुळांखालची खडी व कोळशाची राख ह्या झाडास लाव्हारसासारखीच मानवली. धावत्या गाडीमागील वाऱ्याने त्याचे केसाळ बी गावोगाव नेले.

वाटेत त्याची गाठ एका जुन्या देशी तणाशी पडली. ह्या तणास पाकळ्यांसारखी किरणपुष्पे नसतात, केवळ पिवळी गुंडी असते, आणि ते स्वतःच्याच परागाने फळते. उलट पाहुण्याच्या फुलास झळझळीत पिवळ्या किरणांची झालर असते, परंतु बी धरण्यास त्याला दुसऱ्या रोपाचा पराग हवा. दोघांची संतती खेचराप्रमाणे वांझ निघते. देशी तणाची गुणसूत्रे ४०, पाहुण्याची २०. प्रत्येकाकडून निम्मी येऊन संततीत ३० होतात व त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. मात्र कधी ही संख्या दुप्पट होऊन ६० होते, आणि मग वंश चालतो. असे आखूड किरणांचे फलद्रूप झाड १९४८ साली वेल्समधील फ्लिंटशायरमध्ये आढळले. १९५५ मध्ये त्यास नवी जाती म्हणून नाव मिळाले. एडिंबरोनजीक लीथ येथे १९८२ मध्ये सापडलेली त्याची शाखा स्वतंत्रपणे उपजलेली होती. ती आता नष्ट झाली आहे.

१९७९ मध्ये यॉर्क शहरात ह्याच मातापित्यांची आणखी एक संतती सापडली. हिची गुणसूत्रे ४० च. देशी तणाप्रमाणे तीही आपल्याच परागाने फळे. परंतु शहरांत तणनाशकांचा मारा वाढला, आणि १९९१ नंतर ती रानात दिसेनाशी झाली. खिडकीतल्या तीन कुंड्यांतील रोपेही मेली. उरले चिमूटभर बी. ते लंडनच्या क्यू उद्यानाच्या बीजसंग्रहात जपून ठेवले गेले. तणाचे बी इतक्या निगुतीने जपलेले पाहून कोणाही शेतकऱ्यास हसू येईल! पुढे त्यांतील १०० बिया पेरल्या, त्यांपैकी ९८ रुजल्या. २०२३ मध्ये त्यांच्या संततीचे बी पुन्हा यॉर्कच्या मातीत टाकण्यात आले.