छुरपोनचे पाणी

मागच्या भागात आपण जोरावरसिंहाच्या 1834 च्या लडाख मोहिमेबद्दल बोललो. आजही लडाखातच राहू, फक्त तलवारी बाजूला ठेवू आणि पाण्याकडे पाहू.

लेहला वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून भरतो जेमतेम 100 मिलिमीटर. आपल्या कोकणात आषाढातल्या एका रात्रीत एवढा पडून जातो. म्हणजे तिथली शेती पावसावर नाही, डोंगरावरच्या वितळणाऱ्या बर्फावर. ओढ्यावरून काढलेला पाट म्हणजे 'यूरा', रात्रीचे पाणी साठवायचे तळे म्हणजे 'झिंग' आणि पाणी वाटणारा माणूस म्हणजे 'छुरपोन'. त्याला गावच नेमते, बऱ्याच ठिकाणी हे काम घरोघरी फिरते. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांनी छुरपोनला आपल्या पाटकऱ्याचा भाऊ समजावे. (फडात पाटकऱ्यांवर देखरेख करणाऱ्याला हवालदार म्हणतात, हे मला निवृत्तीनंतर कळले. फार बरे वाटले.)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोगरा राजवटीत जमिनीची मोजणी झाली, तेव्हा गावोगावचे पाणीवाटपाचे नियम 'रिवाज-ए-आबपाशी' या नावाने लिहून घेतले गेले. कोणत्या गावाचा हक्क कोणत्या ओढ्यावर, पहिली पाळी कोणाची, हे सारे त्यात आहे. लोक त्याकडे भांडण मिटवायचा कागद म्हणून पाहतात. मी त्याकडे हवामानाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहतो. वहीत ज्या शेताची पाळी लिहिली आहे ते आज पडीक असेल, तर का पडीक आहे हे विचारावे लागते. कधी उत्तर मिळते की मुलगा लेहला नोकरीला गेला. कधी मिळते, पाणीच येत नाही. झांस्करमधले कुमिक हे फार जुने गाव. वरचे बर्फ आटत गेले, ओढा पुरेना, आणि लोकांना खाली मार्थांगला नवी घरे बांधायला घ्यावी लागली.

खरी अडचण एप्रिल-मेची. पेरणी तेव्हा, आणि उंचावरच्या हिमनद्यांचे पाणी येते जूनमध्ये. मधले दिवस काढायचे ते खालच्या उतारांवरच्या हिवाळी बर्फावर, आणि तेच कमी होत चालले. ग्रामविकास खात्यातले अभियंता छेवांग नोरफेल यांनी पाहिले की थंडीत पाणी वाहून वाया जाते, पण सावलीत आणि संथ वाहिले तर गोठून राहते. 1987 पासून त्यांनी गावांच्या वरच्या बाजूला, सावलीच्या दऱ्यांत दगडी बांध घालून पाणी पसरवले आणि गोठवले. हे बर्फ गावाजवळ, कमी उंचीवर असल्याने नेमके पेरणीला वितळते. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचे 2013-14 च्या हिवाळ्यातले बर्फाचे स्तूप याच वाटेवरचे पुढचे पाऊल.

आता माझा एक कबुलीजबाब. कॅप्टन असताना एका गावाखाली सामानाचा तळ टाकायचा होता. नाल्याच्या तोंडाशी छान सपाट जागा होती, रस्त्यालगत, आणि नाला ठणठणीत कोरडा. गावातले एक मेमे (तिकडे आजोबांना मेमे म्हणतात) येऊन दुभाष्यामार्फत म्हणाले, "साहेब, ही जागा पाण्याची आहे." मी विचारले, "पाणी कधी आले होते?" ते म्हणाले, "माझ्या आजोबांनी पाहिले होते." मी हसलो, चहा पाजला आणि तंबू तिथेच ठोकले. दोन वर्षे काही झाले नाही. मेसमध्ये मी हा किस्सा विनोद म्हणून सांगत असे.

5 ऑगस्ट 2010 च्या रात्री लेहच्या परिसरात ढगफुटी झाली. दोनशेहून अधिक माणसे गेली. सर्वांत मोठा फटका बसलेल्या भागांत चोगलमसर होते, सखल भागात अलीकडच्या दशकांत दाट वाढलेली वस्ती. बाहेरून आलेल्यांना स्वस्त सपाट जागा दिसली होती. माझ्यासारखीच.

म्हणजे जुने सगळे बरोबर होते असे मी म्हणत नाही. लडाखी घराचे छत म्हणजे सफेद्याचे वासे, विलोच्या काटक्या आणि वर माती. पाऊसच पडत नाही असे गृहीत धरून केलेली ती रचना. त्या रात्री असली कितीतरी मातीची घरे विरघळली. मेमेंच्या आजोबांना नाला माहीत होता, पण आता पाऊस कसा पडेल हे त्यांच्या आठवणीतही नव्हते. जुनी आठवण आणि वेधशाळेची नोंद, दोन्ही शेजारी ठेवून वाचावी लागतात. आम्ही तर पहिलीच नाकारली होती.

2012 च्या उन्हाळ्यात पत्नीसह त्या गावी गेलो. मेमे केव्हाच वारले होते. वरचे गाव जागेवर होते, सातूची शेते हिरवी होती. खाली आमच्या तंबूंचे चौथरे शोधत फिरलो. कमरेएवढ्या दगडगोट्यांखाली काही सापडले नाही. मेमेंचा नातू सोबत होता. त्या वर्षी छुरपोनची पाळी त्याच्या घराकडे होती, आणि साडेचारला त्याला वरचा पाट फोडायचा होता, म्हणून तो आम्हाला तिथेच सोडून निघाला.