‘साउंड’ : एका इंग्रजी शब्दाची चार कुळे

‘एकाच शब्दाला अनेक अर्थ असतात’ हे विधान आपण इतक्या सहजपणे करतो, की त्यातील ‘एकाच’ या पदाकडे आपले लक्ष जात नाही. शब्द एक आहे, हे कशावरून ठरवावयाचे? उच्चारावरून, लेखनावरून, व्युत्पत्तीवरून, की बोलणाऱ्याच्या जाणिवेवरून? मूळच्या एका शब्दाला अर्थाचे फाटे फुटणे हा एक व्यापार होय. मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने १८९७ च्या आपल्या ग्रंथात त्याला स्वतंत्र पारिभाषिक संज्ञा दिली. मूळच्या भिन्न शब्दांचा उच्चार कालांतराने एक होणे हा अगदी निराळा व्यापार होय. पहिल्यास अनेकार्थता व दुसऱ्यास समरूपता म्हणू. या दोहोंमधील सीमारेषा कितपत पक्की आहे, हे इंग्रजीतील ‘साउंड’ या शब्दाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘साउंड’ म्हणजे ध्वनी, हा अर्थ सर्वपरिचित आहे. त्याखेरीज ‘निकोप, भक्कम’, ‘सामुद्रधुनी’ आणि ‘पाण्याची खोली मोजणे’ असे आणखी तीन प्रमुख अर्थ कोशांत सापडतात. यांचा उगम क्रमाने पाहू.

१. ध्वनी. हा शब्द लॅटिन ‘सोनुस’चा वंशज असून संस्कृत ‘स्वन’ हा त्याचा सगोत्र आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडात रुजलेल्या फ्रेंच बोलीतून तो मध्य इंग्रजीत ‘सून’ या रूपाने आला. १४०० मध्ये निवर्तलेल्या चॉसरच्या काव्यात तो अंत्य ‘ड’वाचूनच आढळतो. पंधराव्या शतकात हा ‘ड’ दिसू लागला व सोळाव्यात स्थिरावला. ‘न’ उच्चारताना जिभेचे टोक वर टेकलेले असते आणि श्वास नाकावाटे जातो. जीभ सुटण्यापूर्वीच नाकाचा मार्ग बंद झाला, की त्याच स्थानावरचा स्फोटक वर्ण आपोआप ऐकू येतो. ‘वानर’चे ‘वांदर’ होताना आलेला ‘द’ किंवा ‘ताम्र’पासून झालेल्या ‘तांबे’मधील ‘ब’ हे अशाच रीतीने आलेले आहेत. इंग्रजीतही प्राचीन ‘थुनोर’चा ‘थंडर’ झाला. या उदाहरणांत नासिक्य व ‘र’ यांच्या मध्ये नवा वर्ण शिरला, तर ‘साउंड’मध्ये तो शब्दान्ती आला, एवढाच फरक. विशेष हे, की ‘गाउन’चा ‘गाउंड’ असा उच्चार करणाऱ्यास इंग्रजी शिष्टांनी ग्राम्य ठरविले आणि ‘साउंड’मधील तोच ‘ड’ मात्र निमूटपणे स्वीकारला. ध्वनिपरिवर्तन नैसर्गिक असते. त्याला मिळणारी प्रतिष्ठा मात्र समाजाने दिलेली असते.

२. निकोप. या शब्दाचे कूळ जर्मानिक आहे. प्राचीन इंग्रजीत तो ‘येसुंड’ असा होता. जर्मन ‘गेझुंट’ हा त्याचा सख्खा भाऊ. मध्य इंग्रजीत आरंभीचे उपपद झिजून ‘इ’ एवढेच उरले आणि पुढे तेही गेले. या एका कुळात अर्थविस्तार मात्र भरपूर झाला. निरोगी शरीरावरून न कुजलेले लाकूड, भक्कम पाया, विश्वसनीय पेढी, सुसंगत युक्तिवाद, विधिज्ञांच्या भाषेतील ‘शाबूत बुद्धी’, इतकेच काय, गाढ झोप आणि सणसणीत मार येथपर्यंत हे विशेषण पोहोचले. ‘ज्यात उणीव नाही ते’ हा धागा या सर्वांत अखंड राहतो. अनेकार्थतेचे हे आदर्श उदाहरण होय.

३. सामुद्रधुनी. प्राचीन इंग्रजीत ‘सुंड’ म्हणजे पोहणे. काव्यात तो समुद्र या अर्थानेही येई. ‘पोहणे’ या अर्थाच्या आजच्या ‘स्विम’ या धातूशी त्याचे नाते आहे. प्राचीन नॉर्स भाषेत त्याच शब्दाला ‘अरुंद समुद्रमार्ग’ असा अर्थ होता. शेटलंडसारख्या बेटांवर नॉर्स लोकांनी वसाहती केल्या. तेथील स्थलनामांत हा अर्थ आजही टिकून आहे. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधील ‘ओरेसुंड’ इंग्रज व्यापाऱ्यांना केवळ ‘द साउंड’ या नावाने ठाऊक होता. डेन्मार्कचे राजे १४२९ पासून १८५७ पर्यंत तेथून जाणाऱ्या जहाजांकडून जकात घेत.

४. खोली मोजणे. शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून तळ चाचपण्याच्या क्रियेस फ्रेंचमध्ये ‘सोंदेर’ म्हणत. त्यावरून हे इंग्रजी क्रियापद आले. शस्त्रवैद्याच्या शलाकेलाही हेच नाव मिळाले आणि देवमासा खोल बुडी मारतो त्या क्रियेलाही. पण ‘सोंदेर’ आला कोठून? काही व्युत्पत्तिकार तो ‘लाटेखाली’ अशा अर्थाच्या कल्पित लॅटिन रूपापासून साधतात. इतर विद्वान प्राचीन इंग्रजीतील ‘सुंड-यर्ड’ (खोली मोजण्याची काठी) व ‘सुंड-लीने’ (खोली मोजण्याची दोरी) या शब्दांकडे बोट दाखवून फ्रेंच शब्दच जर्मानिक मूळचा मानतात. हे मत ग्राह्य धरल्यास चौथे कूळ हे तिसऱ्याचीच परदेशी जाऊन परत आलेली शाखा ठरते आणि चारांची कुळे तीन होतात. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात सामुद्रधुनीची व्याख्या ‘ज्याची खोली मोजता येईल असा उथळ समुद्र’ अशा आशयाची केली. त्याने नात्याची दिशा उलटी लावली खरी, पण त्याला जाणवलेले नाते अगदीच निराधार नव्हते.

ही निरनिराळी रूपे एकाच उच्चारावर कशी आली? प्राचीन इंग्रजीच्या उत्तरकाळात ‘न्ड’ या जोडवर्णापूर्वीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. म्हणून ‘सुंड’चा ‘सूंड’ झाला. जर्मनमध्ये हे घडले नाही. तेथे ‘हुंट’ आणि ‘ग्रुंट’ ऱ्हस्वच राहिले, तर इंग्रजीत त्यांचे ‘हाउंड’ आणि ‘ग्राउंड’ झाले. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी या दीर्घ ‘ऊ’साठी दोन स्वराक्षरांची जोडी वापरली. त्यानंतरच्या महास्वरपरिवर्तनात ‘ऊ’चा ‘आउ’ झाला. उपपदाचा लोप, अंत्य ‘ड’चा आगम, स्वराचे दीर्घीकरण आणि त्याचे संयुक्त स्वरात रूपांतर हे चार व्यापार परस्परांशी संबंध नसता घडले, त्यांचा परिणाम मात्र एकच झाला.

अशा समरूपतेने भाषेत घोटाळा होत नाही काय? झ्यूल जिल्येरों याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले, की गास्कनीच्या एका भागात ‘कोंबडा’ व ‘मांजर’ हे दोन्ही शब्द ‘गात’ असे होऊ लागले, तेव्हा कोंबड्याला दुसरे नाव घ्यावे लागले. एकाच अंगणातील दोन प्राण्यांचे एक नाव शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. ‘साउंड’बाबत असा पेच पडला नाही; कारण निकोपतावाचक शब्द मुख्यतः विशेषण आहे, सामुद्रधुनी नकाशात राहते आणि खोली मोजणे हा खलाशाचा व्यवसाय आहे. प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे असल्याने चौघे सुखाने नांदले.

तरीही सहवासाचा परिणाम टळत नाही. एखाद्याचे मत हळूच अजमावणे या अर्थाचा ‘साउंड आउट’ हा प्रयोग मुळात दोरी सोडून तळ चाचपणाऱ्या खलाशाचा. पण दोरी विस्मृतीत गेल्यामुळे सामान्य इंग्रजी भाषकाला त्यात बोलणे-ऐकणेच जाणवणे स्वाभाविक आहे. पुढे तर यंत्रविद्येने या भ्रमाला वास्तवाचे रूप दिले. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकचा तळ प्रतिध्वनीच्या साहाय्याने मोजला. तेव्हापासून रूढ होत गेलेल्या या पद्धतीत ‘साउंड’ने ‘साउंड’ करणे, म्हणजे ध्वनीने खोली मोजणे, हे शब्दशः खरे झाले. व्युत्पत्तीने वेगळे ठेवलेले दोन शब्द व्यवहाराने एकत्र आणले.

यावरून कोशकाराने कोणता बोध घ्यावा? व्युत्पत्ती हा शब्दाच्या पृथक्तेचा आवश्यक पुरावा आहे, पण अंतिम निकष नव्हे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाने १८८४ ते १९२८ या प्रदीर्घ काळात ऐतिहासिक तत्त्वावर नोंदींची जी विभागणी केली, तिचे मोल निर्विवाद आहे. मात्र नोंदीवरील प्रत्येक क्रमांक हा इतिहासाविषयी दिलेला निर्णय असतो आणि नव्या पुराव्याने तो बदलू शकतो. मराठीतही ‘कर्म’पासून ‘कम्म’द्वारा आलेले ‘काम’ आणि इच्छावाचक तत्सम ‘काम’ यांचे रूप एकच आहे. हे एक शब्द की दोन, याचे उत्तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने सोपे आहे. बोलणाऱ्याच्या मनात ते कितपत वेगळे आहेत, हा प्रश्न मात्र कोशाची पाने उलटून सुटणारा नाही. त्यासाठी प्रयोगांचाच कसून अभ्यास करावा लागेल.