दहा मेटल अल्बम आणि वाशिमचे हरवलेले काव्य

१/ आजचा धागा एका यादीविषयी आहे. वाशिमला घरी असताना मी हेवी मेटल संगीतातील, माझ्या मते सर्वश्रेष्ठ अशा दहा अल्बमांची यादी केली. तासाभरात ती पूर्ण झाली. मात्र इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ती पुन्हा वाचली, तेव्हा ती अल्बमांपेक्षा माझ्याविषयीच अधिक सांगते, हे लक्षात आले.

२/ पहिले स्थान 'ब्लॅक सॅबथ' या गटाच्या त्याच नावाच्या अल्बमला. प्रकाशन १३ फेब्रुवारी १९७०, गाव बर्मिंगहॅम. गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात तुटली होती. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली. पुढे त्याने गिटारच्या तारा सैल केल्या आणि त्यांतून तो जड, खालचा सूर निघाला. या संगीताचा उगम असा एका औद्योगिक शहराच्या कामगार वस्तीत आहे.

३/ त्यानंतर त्याच शहरातील 'जूडस प्रीस्ट'चा 'ब्रिटिश स्टील' (१९८०) आणि लंडनच्या 'आयर्न मेडन'चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' (१९८२). कॅलिफोर्नियातील दोन गटांचे १९८६ मधील अल्बम: 'मेटॅलिका'चा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि 'स्लेअर'चा अर्ध्या तासाहूनही छोटा 'रेन इन ब्लड'. ब्राझीलच्या 'सेपल्टुरा'चा 'रूट्स' (१९९६), ज्यात शावांते आदिवासींसह केलेले ध्वनिमुद्रण आहे. उरलेले चारही इंग्लंड-अमेरिकेचे.

४/ म्हणजे महाराष्ट्रातला एकही नाही. आपल्याकडे हे संगीत नव्हते काय? निश्चितच होते. मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव १९८६ साली सुरू झाला. मुंबईच्याच 'रॉक मशीन'चा स्वरचित गाण्यांचा अल्बम 'रॉक एन रोल रेनेगेड' १९८८ मध्ये आला. २००० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'डीमॉनिक रिझरेक्शन'ने २०१७ मध्ये 'दशावतार' प्रसिद्ध केला. त्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक गाणे आहे.

५/ मग माझ्या यादीत हे का आले नाही? कारण माझ्यापर्यंत संगीत मेमरी कार्डातून आले. कार्डात कोणीतरी निवडलेली गाणी असत. त्या निवडीमागे कोणतीतरी विदेशी यादी असे आणि त्या यादीमागे तिच्याआधीची यादी. ज्याला मी माझी आवड समजत होतो, तिचा बराच भाग मला आयता मिळालेला होता.

६/ आता आपल्या गावाकडे येऊ. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र. १९३९ मध्ये वाशिमला सापडलेल्या ताम्रपटातही त्याचे नाव आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील हा राजा कवीही होता. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, या कथेवर त्याने माहाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य रचले.

७/ हे काव्य आज उपलब्ध नाही. तरीही आपण त्याविषयी बोलू शकतो, ते काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त त्याचा गौरवाने उल्लेख केला म्हणून. पुढे माळव्याच्या भोजाने आणि गुजरातच्या हेमचंद्राने आपल्या ग्रंथांत त्याची दखल घेतली. वत्सगुल्मात जन्मलेले काव्य दूरच्या रसिकांच्या निवडीमुळे अंशतः वाचले.

८/ 'गाथासप्तशती' हीदेखील अशीच एक यादी आहे. कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असे तिच्यातच म्हटले आहे. तिचा संकलक सातवाहन राजा हाल सर्वसेनाच्या आधीचा. तरीही टीकाकारांनी तिच्यातील काही गाथा सर्वसेनाच्या नावावर नोंदवल्या आहेत. ती नोंद खरी असेल, तर हालानंतरही त्या संग्रहाची दारे उघडी होती.

९/ येथे माझ्या यादीचा प्रश्न बदलला. श्रेष्ठ काय, हे ठरवताना आपण टिकणार काय, हेही ठरवत असतो. ज्याची कोणी दखल घेत नाही, त्याचा पुरावाही उरत नाही. धोबीतलावच्या रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावर किती गट वाजवून गेले! श्रोत्यांना विदेशी गाणीच हवी असत आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च अनेकांना परवडत नसे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील मैफली थांबल्या. ज्यांचे ध्वनिमुद्रण झाले नाही, त्यांना आता कोणत्याही यादीत स्थान मिळणार नाही.

१०/ म्हणून मी यादी पुन्हा लिहिली. एका अल्बमातील दोनच गाणी मी ऐकली होती. केवळ कीर्तीमुळे आत आलेला तो अल्बम काढला. 'दशावतार' सलग तीनदा ऐकला आणि मगच त्याला सातवे स्थान दिले. ते मुंबईसाठी दिलेले आरक्षण नव्हे. 'स्लेअर'नंतर तो ऐकतानाही माझे लक्ष ढळले नाही, एवढेच कारण. 'रॉक मशीन' काटेकोर अर्थाने मेटल नाही, म्हणून त्याची नोंद यादीखाली पूर्वसूरी म्हणून केली.

११/ मित्रहो, आपणही यादी करा. विषय कोणताही चालेल. मात्र प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: ते आपल्यापर्यंत कसे पोहोचले आणि ते का निवडले. शेवटी तारीख घाला आणि एक ओळ कोरी ठेवा. माझ्या यादीत अकरावी ओळ कोरी आहे.