विळ्याच्या आकाराची पेशी आणि चुंबक

१/ १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका दंतवैद्यक विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्यासारख्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. सिकलसेलचा हा इतिहास पुढे एमआरआयपर्यंत कसा पोहोचला, त्याविषयी हा थ्रेड.

२/ १९३६ मध्ये लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरियल यांनी दाखवले, की प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सरते, तर प्राणवायू सोडलेले त्याच्याकडे ओढले जाते.

३/ पेशी विळ्याचा आकार घेतात त्याही प्राणवायू सुटल्यावरच. म्हणजे दोष हिमोग्लोबिनातच असावा, हा पॉलिंग यांचा तर्क. १९४९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने तो सिद्ध केला.

४/ १९६५ मध्ये माकिओ मुरायामा यांना आढळले, की चुंबकीय क्षेत्रात विळ्याच्या आकाराच्या पेशी काटकोनात वळतात. एमआरआय यंत्रे आल्यावर याच निरीक्षणाने शंका निर्माण केली : यंत्रात रुग्णाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तर?

५/ १९८० च्या दशकात जिवंत शरीरातील रक्तप्रवाह तपासला गेला. भीती खरी ठरली नाही.

६/ त्यानंतर एमआरआयने जे दाखवले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. हात-पाय लुळे पडले नाहीत, वाचा गेली नाही, अशा मुलांच्याही मेंदूत रक्त न पोहोचल्याने मृत झालेले भाग दिसले. या मूक आघातांची खूण बाहेर उमटलीच, तर ती मागे पडणाऱ्या अभ्यासात. आणि तिला आळस किंवा मंदपणा समजणे सोपे होते.

७/ २०१४ मध्ये असे आघात झालेल्या १९६ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियमित रक्त दिलेल्या गटात ६ टक्के मुलांना नवा आघात झाला. इतरांत १४ टक्के. छायाचित्रातील डागावरून आता उपचार ठरू शकत होता.

८/ वारंवार रक्त दिल्याने यकृतात लोह साचते. तेही एमआरआय मोजते, यकृतात सुई न घालता. १९३६ मध्ये अभ्यासलेला लोहाचा चुंबकीय गुण येथे पुन्हा उपयोगी पडतो.

९/ विदर्भात, विशेषतः गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत, हा आजार घरोघरी परिचित आहे. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, लक्ष्य २०४७. त्यात तपासणीवर मोठा भर आहे. रक्तचाचणी आजार ओळखते, मेंदूतील डाग मात्र तिला दिसत नाही. म्हणून सिकलसेलग्रस्त मूल वर्गात मागे पडू लागले, तर त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या मेंदूची तपासणी झाली आहे का, हे विचारले पाहिजे.