दुपारची वारी

एप्रिलातली दुपार. बेतीहून फेरीबोट धरून पणजीच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा दीड वाजला होता. दुकानांची दारे ओढलेली, कारकून मंडळी जेवून आडवी झालेली. पणजी अजूनही दुपारी झोपते, फक्त पूर्वीइतकी गाढ नाही. दिवाडीचा माझा मित्र धक्क्यावर वाट बघत उभा होता. उर्राकाचे दिवस संपण्याआधी मळा, फोंताईन्हास आणि सां तोमे या वाड्यांवरची उरलीसुरली तावेर्ने एका दुपारी पायी फिरून बघायची, असा आमचा बेत. त्याची अट एकच होती, गाडी आणायची नाही.

तावेर्न हा शब्द पोर्तुगीज. मराठीत लिहिताना आपण त्याला 'गुत्ता' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. सरकारकडून विक्रीचा मक्ता घ्यायचा आणि गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा, असा तो व्यवहार. तावेर्न म्हणजे कुणाच्या तरी घराची पुढची खोली. आत स्वयंपाकघरात मासळी तळतेय, पुढे दोन बाकडी, एक टेबल, कोनाड्यात क्रूस नाहीतर गणपतीची तसबीर आणि कोपऱ्यात वेताच्या विणीतला तो पोटफुगा काचेचा गर्राफांव. खेड्यात तर पसरो आणि तावेर्न एकाच छपराखाली असे. एका बाजूला तांदूळ, रॉकेल, साबण, दुसऱ्या बाजूला फेणी. वाढायला बहुधा घरातली बाईच. तिच्यासमोर आवाज चढवायची कुणाची टाप नसे.

पहिला मुक्काम मळ्यात. पाटी नाही, दारावर पडदा. उर्राक आला तो लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घेऊन. वर लिम्का. जुनी माणसे लिम्का घालणाऱ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. आम्ही ती कीव सोसली.

उर्राकाबद्दल गोमंतकीयांना मी काय सांगावे! पण अलीकडे आमच्याच मुलांना तो फेणीचा धाकटा भाऊ आहे एवढेच माहीत असते, म्हणून लिहितो. काजूचे बोंड झाडावरून तोडायचे नाही, पिकून खाली पडले की वेचायचे. कोळंबीत पायांनी तुडवायचे, रस आंबवायचा आणि भाटी लावायची. पहिल्या धारेचा तो उर्राक. हलका, वासाला बोंडासारखाच, आणि टिकत नाही, म्हणून हंगामातच प्यायचा. उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा भाटी लावली की फेणी. पूर्वी मध्ये काजुलो नावाची आणखी एक पायरी होती, ती आता जवळजवळ गेली. कडकपणा मोजायचे माप 'ग्राव', तेही पोर्तुगीजच. आणि फेणी हे नाव फेसावरून. बाटली हलवायची आणि फेण कसा धरतो ते बघून जाणता माणूस माल ओळखायचा.

आता गंमत बघा. काजू मुळात ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला. त्याआधीपासून इथे माड होता, सूर होती, रेंदेर होता. काजूची फेणी ही आपल्या पेयांतली तशी नवी सूनच. पण २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते काजू फेणीला. माडाच्या फेणीला कुणी विचारले नाही. आम्ही ज्या फोंताईन्हासच्या गल्लीतून चाललो होतो तिथे एके काळी माडांचीच बागायत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो जुआंव द सिकेरा याने ती वसवली. तो मोझांबिकमध्ये पैसा करून आलेला, म्हणून लोक त्याला 'मोझमीकार' म्हणत. पुढे राजधानी रीतसर पणजीला आली, १८४३ मध्ये. माड गेले, घरे आली. मित्र म्हणाला, रेंदेर माडावरून उतरून थेट बाकड्यावर बसला असणार.

दुसरा मुक्काम थोडक्यात सांगतो. खोली जुनीच, पण आता दिवे मंद, ग्लास उंच आणि उर्राकात कोकम, तुळस आणि आणखी काय काय. दिल्ली-बंगळुरूची तरुण पोरे फोटो काढत होती. मी नाक मुरडणार होतो, पण खरे सांगायचे तर उर्राक उत्तम होता. १९६४ च्या अबकारी कायद्याने ज्याला 'देशी दारू' म्हणून खालच्या रांगेत बसवले होते, त्याला २०१६ मध्ये सरकारने राज्याचे वारसा पेय ठरवले. या पोरांनी ते निदान मनावर घेतले आहे. आमच्या मराठी लेखकांनी, मीही त्यांतलाच, ते कधी घेतले नाही. गोव्याच्या इतिहासावर आम्ही देवळे लिहिली, नाटके लिहिली, बाटाबाटी लिहिली. तावेर्न नाही. वाड्यावरच्या राखणदाराला सोरो-रोट चालतो, बाळंतिणीच्या अंगाला फेणी चालते, लेखणीला मात्र विटाळ.

तिसऱ्या ठिकाणी, सां तोमेच्या बाजूला, म्हातारा मालक दाराशीच बसला होता. वय पंच्याऐंशीच्या घरात. आत सून बघते. मित्राने माझे आडनाव सांगितले. म्हाताऱ्याने मला नीट न्याहाळले आणि विचारले, "तूं मास्तराचो पूत न्हय?"

माझे वडील मराठी शाळेत मास्तर. घरात थेंब नाही. गावच्या जत्रेत 'एकच प्याला' झाले की सुधाकर बाबांचाच. गडकऱ्यांचे ते नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हापासून त्याने किती बायकांना रडवले असेल! आमच्या मांडवात आईसुद्धा रडायची. असा हा सुधाकर दर रविवारी दुपारी दोन वाजता इथे, आतल्या टेबलाशी बसत असे, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळले. एकच ग्लास. होडेकरी, हमाल, एक शिंपी आणि एक पोदेर असा कंपू. "मास्तर, एकूच प्यालो?" म्हणून सगळे चिडवत.

मग तो जनमत कौलावर आला. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे. विलीनीकरणाला फूल, वेगळे राहायला दोन पाने. बाबा फुलाचे. मराठीचा मास्तर दुसऱ्या कशाचा असणार? मालकाचे वडील दोन पानांचे, आणि त्यांचे सगळ्यांत मोठे कारण भाषेचे नव्हतेच. महाराष्ट्रात मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा होता, परवान्यावाचून पिणे गुन्हा. विलीन झालो तर आमचे दार बंद, रेंदेराचा माड बंद. "मास्तर, तुमी खंय बसतले?" असे ते विचारत. यावर बाबांचे म्हणणे काय, असे मी विचारले. म्हातारा म्हणाला, मास्तर म्हणायचे की भाषेसाठी माणसाने एक ग्लास सोडावा. आणि ग्लास संपवायचे.

निकाल लागला. वेगळे राहण्याच्या बाजूने ३४,०२१ मते जास्त. त्या रविवारी बाबा आले नाहीत. पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी दोन वाजता दारात उभे. मालकाच्या वडिलांनी काही न बोलता ग्लास भरला आणि पैसे घ्यायला नकार दिला. बाबांनी पैसे टेबलावर ठेवले. ते उचलायला कुणी तयार नाही. शेवटी ते पैसे सां सेबास्तियनच्या कपेलच्या पेटीत पडले म्हणे.

"मत फुलाक दिलें काय?" मित्राने हळूच विचारले. म्हाताऱ्याने खांदे उडवले. ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

चार वाजले. सुनेने मला पाण्याच्या बाटलीत भरून थोडा उर्राक बांधून दिला. संध्याकाळी घरी पोचल्यावर आईला सगळे सांगितले. ती सत्त्याऐंशीची. निवडत असलेली भाजी तिने बाजूला केली नाही. म्हणाली, "म्हाका खबर आशिल्लें. दर आयताराक बडीशेप चाबयत येताले."