अर्जदारांची बखर

आयर्लंडचे नाव आपल्या घरांत तसे परके नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली काढलेल्या होमरूल लीगचे नाव मुळात आयर्लंडच्या चळवळीतून आलेले. १८४५ पासून पुढे बटाट्याच्या पिकावर रोग पडून तेथे जो भयंकर दुष्काळ झाला, त्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली, हेही अनेक भगिनींनी वाचले असेल. परंतु त्या दुष्काळाच्या आधीच्या पंचवीस-तीस वर्षांची हकीकत फारशी सांगितली जात नाही. त्या वर्षांत तेथील साध्यासुध्या माणसांनी आणि बायाबापड्यांनी सरकारला हजारो अर्ज लिहिले. ते अर्ज डब्लिनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचे गोषवारे आता संगणकावर घरबसल्या वाचता येतात. स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी हाच विषय घेतला. राजांच्या आणि सेनापतींच्या कथा सांगणारे पुष्कळ आहेत; अर्जदारांची बखर सांगणारे थोडे.

आधी त्या काळची राज्यव्यवस्था समजून घेऊ. १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंड कायद्याने ब्रिटनला जोडले गेले आणि डब्लिनची संसद बंद झाली. कायदे लंडनला होऊ लागले. रोजचा कारभार मात्र डब्लिनच्या किल्ल्यातून चाले. तेथे राजाचा प्रतिनिधी म्हणून लॉर्ड लेफ्टनंट असे आणि कारभार पाहण्यास मुख्य सचिव. १८२१ च्या खानेसुमारीत देशाची वस्ती ६८ लाखांच्या घरात भरली. बहुसंख्य लोक कॅथलिक, जमीनदार बहुतेक प्रॉटेस्टंट, आणि त्यांतले पुष्कळसे इंग्लंडात राहून कारभाऱ्यामार्फत खंड वसूल करणारे. इंग्लंडात एलिझाबेथ राणीच्या काळापासून गरिबांसाठी कायदा होता. गावाने आपल्या निराधारांना पोसले पाहिजे असा त्याचा दंडक. आयर्लंडात असा कायदा १८३८ पर्यंत झालाच नाही. नवरा मेला, पीक बुडाले, हातमाग बंद पडला, तर कायद्याने हक्काने ठोठावता येईल असे एकही दार नव्हते. धर्मादाय संस्था होत्या, पण त्या मुख्यतः शहरांत. राहता राहिला तो डब्लिनचा किल्ला.

या कचेरीची नोंदलेली दप्तरे १८१८ पासूनची आहेत. ज्या साली आपल्याकडे पेशवाई बुडाली, तेच हे साल. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदाला त्या वर्षाचा अनुक्रमांक पडे, आपल्या कचेऱ्यांतील आवक बारनिशीप्रमाणे. मग कागदाची घडी घालून पाठीवर कोणाचा अर्ज, कशाबद्दल, हे दोन ओळींत लिहीत, आणि जवळच निर्णयाचा शेरा. अशी हजारो प्रकरणे दरसाल येत. एकाच गठ्ठ्यात सरदाराचे पत्र, न्यायाधीशाचा अहवाल आणि एखाद्या विधवेचा अर्ज शेजारी शेजारी बांधलेले सापडतात. कचेरीच्या बाहेर ही माणसे एका बाकावर कधी बसली नसती.

हे अर्ज लिहीत कोण? १८४१ च्या खानेसुमारीप्रमाणे पाच वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. पश्चिमेकडील गावांत घरची भाषा आयरिश, आणि अर्ज करायचा तो इंग्रजीत. तेव्हा गावचा पंतोजी, चर्चचा पाद्री किंवा चार पैसे घेऊन लिहून देणारा अर्जनवीस यांच्याकडे जावे लागे. सांगणारी सांगे आपल्या बोलीत. लिहिणारा उतरवी सरकारी भाषेत. सुरुवातीस अमुक गावच्या अमुक बाईचा नम्र अर्ज असा मायना, मग ‘अर्जदार’ म्हणून तिसऱ्या पुरुषात सगळी हकीकत, आणि शेवटी अर्जदार सदैव दुवा देत राहील, अशी समाप्ती. खाली सही, सही येत नसेल तर फुलीची निशाणी.

हा मायना पाहून कोणाला वाटेल की हे सगळे नुसते गयावया करणे. मलाही पहिले काही गोषवारे वाचताना त्यातला दीनपणाच आधी दिसला. पण पुढे पुढे वाचत गेल्यावर मायन्याच्या आत काय आहे ते दिसू लागले. आत नेमका हिशेब असतो. नवरा कोणत्या पलटणीत होता, किती वर्षे चाकरी केली, कोणत्या लढाईत जखमी झाला; घरात खाणारी तोंडे किती; खंड किती थकला; आणि या सगळ्यावरून सरकारने नेमके काय द्यावे. नोकरी, बक्षिसी, जहाजाचे भाडे, शिक्षेत सूट, किंवा गावाजवळ रस्त्याचे काम. नुसते ‘दया करा’ असे म्हणून थांबणारा अर्ज विरळा. शब्द याचकाचे आणि मांडणी धनकोची, असा हा प्रकार आहे.

यातले दोन-तीन प्रकार सांगते. त्या काळी ब्रिटिश फौजेत आयरिश शिपायांचा भरणा फार मोठा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही होता. १८१५ साली वॉटर्लूनंतर नेपोलियनशी युद्ध संपले आणि हजारो शिपाई घरी परतले. साध्या शिपायाच्या विधवेला हक्काचे निवृत्तिवेतन नव्हते. म्हणून ती अर्ज करी. दुसरा प्रकार दंडाचा. एखाद्या वाडीच्या शिवारात चोरट्या दारूची भट्टी सापडली, तर सगळ्या वाडीला दंड करण्याचा कायदा काही वर्षे होता. ज्यांचा भट्टीशी संबंध नाही अशी घरेही त्यात भरडली जात, आणि ती मिळून अर्ज करीत. तिसरा प्रकार परदेशी जाण्याचा. १८२३ व १८२५ साली पीटर रॉबिन्सन या गृहस्थाच्या देखरेखीखाली दक्षिण आयर्लंडातील सुमारे २,६०० माणसांना सरकारी खर्चाने कॅनडात वसविण्यात आले. अर्ज आले ते जागांच्या कितीतरी पट. कॅनडातील पीटरबरो शहराचे नाव याच गृहस्थावरून पडले.

पण अर्जांचा खरा पूर आला तो उपासमारीच्या वर्षांत. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. त्याच्या धुरळ्याने १८१६ साली युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. आयर्लंडात पाऊस लागून राहिला, पीक कुजले, आणि पाठोपाठ प्रलापक ज्वराची साथ आली. पुन्हा १८२१ च्या शरदात अतिवृष्टीने बटाटे जमिनीतच सडले. १८२२ च्या वसंतापासून क्लेअर, गॉलवे, मेयो, केरी, कॉर्क या पश्चिमेच्या व दक्षिणेच्या जिल्ह्यांत हाहाकार उडाला. नवल असे की धान्य अजिबात नव्हते असे नाही. ओट बाजारात होते, परदेशीही जात होते. मजुराचे पोट मात्र बटाट्यावर, आणि बटाटा तो स्वतः पिकवी. बाजारातून विकत घेण्यास हातात रोकड कोठून येणार? म्हणून त्या वर्षीच्या अर्जांत अन्नाइतकीच मागणी कामाची आहे. आम्हांला मजुरी द्या, म्हणजे आम्ही विकत घेऊन खाऊ, असा त्याचा सरळ अर्थ.

अशा वेळी किल्ल्यात लॉर्ड लेफ्टनंट कोण होता, हे ऐकून भगिनींना नवल वाटेल. १८२१ च्या डिसेंबरात त्या गादीवर आलेला मार्क्विस वेलस्ली म्हणजे १७९८ ते १८०५ पर्यंत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असलेला वेलस्ली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह झाला तो त्याच्याच कारकिर्दीत. १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली हा त्याचा धाकटा भाऊ. तोही १८०७ ते १८०९ पर्यंत आयर्लंडचा मुख्य सचिव होता. दोघेही जन्माने आयर्लंडचेच. आपल्या इतिहासात तहनाम्यावर आणि तोफांच्या धुरात भेटणारे हे घराणे उपाशी विधवेच्या अर्जावरील नावात पुन्हा भेटते. साम्राज्य म्हणजे काय, हे मला त्या दोन चित्रांवरून जितके उमगले तितके मोठ्या ग्रंथांवरून उमगले नव्हते.

मग सरकारने केले काय? काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८२२ साली संसदेने कामांसाठी रक्कम मंजूर केली. अलेक्झांडर निम्मो याला पश्चिमेकडे व रिचर्ड ग्रिफिथ याला दक्षिणेकडे पाठवून रस्त्यांची कामे काढण्यात आली. ज्या डोंगराळ मुलखात गाडीवाट नव्हती तेथे रस्ते झाले, ते या दुष्काळी कामांतून. लंडनमध्ये लोकांनी मदतनिधी उभारला, तो तीन लाख पौंडांवर गेला. पण एकेकट्या अर्जाचे काय झाले ते पाहिले तर बहुतेकांच्या पाठीवर नकाराचा शेरा आहे. यासाठी निधी नाही. हा विषय या खात्याचा नाही. स्थानिक मंडळींकडे जावे. दुष्काळाच्या मदतीची अट अशी होती की आधी गावाने वर्गणी गोळा करावी, मग सरकार त्यात भर घालील. नियम कागदावर चांगला दिसतो. पण ज्या गावचा जमीनदार लंडनला आणि बाकी सगळे कुळवाडी उपाशी, तेथे वर्गणी देणार कोण? ज्याला मदतीची गरज सर्वांत अधिक, तोच या नियमाने सर्वांत मागे राही.

स्त्रियांच्या अर्जांत मला सर्वांत हलवून सोडणारे वाटले ते हद्दपारीच्या शिक्षेचे. १८२२ सालीच बंडाळी मोडण्यासाठी एक कडक कायदा पुन्हा लागू झाला. ज्या जिल्ह्यांना तो लावला तेथे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत घराबाहेर सापडलेल्या माणसाला समाधानकारक कारण देता आले नाही, तर ज्यूरीवाचून सात वर्षे समुद्रापलीकडे पाठविता येई. समुद्रापलीकडे म्हणजे ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला. आपल्या भाषेत काळे पाणीच. नवरा गेला, तो जिवंत असून नसल्यासारखा. मागे राहिलेली बायको ना सधवा ना विधवा. अशा कितीतरी स्त्रियांनी अर्ज केले की माझी शिक्षा नसली तरी मला मुलांसह त्याच्याकडे पाठवा. काहींना परवानगी मिळाली. कॉर्कहून निघणाऱ्या स्त्री-कैद्यांच्या जहाजांतून त्या मुलांना घेऊन अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून गेल्या. आपण होऊन कैद्यांच्या जहाजात जागा मागणारी ही बाई अगतिक म्हणावी की धैर्याची? माझ्या मते दोन्ही. आणि अर्जाच्या नम्र मायन्यात दोन्हींना जागा होती.

आपल्या मंडळासारख्या संस्थेला जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. त्याच १८२२ साली लंडनमध्ये ब्रिटिश व आयरिश स्त्रियांचा एक मंडळवजा समाज निघाला. आयर्लंडच्या खेड्यांतील स्त्रियांना सूतकताईसाठी अंबाडीसारखा फ्लॅक्सचा वाक, लोकर आणि चरखे पुरवावे, गावोगाव स्त्रियांच्या समित्या कराव्या आणि घरबसल्या चार पैसे मिळवून द्यावे, हा त्याचा हेतू. यंत्राच्या सुतापुढे हातसूत टिकेना. सहा-सात वर्षांत हे काम संपले. तरी भिक्षेऐवजी काम हवे, ही अर्जांतली मागणी कोणीतरी ऐकली होती, याची ती साक्ष आहे.

मला असे वाटते की या अर्जांनी पोटाला जितके दिले त्याहून अधिक मनाला दिले. माझी अडचण ही केवळ माझे नशीब नव्हे, ती राज्यकर्त्यांच्या कानावर घालण्याची बाब आहे, हा विचारच मोठा आहे. १८२३ साली डॅनियल ओकॉनेल याने कॅथलिक असोसिएशन काढली आणि पुढल्याच वर्षी महिना एक पेनी वर्गणी सुरू केली. गरीब लोक त्यात हजारोंनी शिरले. कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क १८२९ साली मिळाला. ज्या माणसांनी एकेकट्याने विनंती करून पाहिली, त्यांना एकत्र येऊन मागणी करणे अगदीच नवे वाटले नसावे.

शेवटी एक विलक्षण योगायोग सांगते. १९२२ च्या जूनमध्ये आयर्लंडच्या यादवी युद्धात डब्लिनच्या न्यायालयांच्या इमारतीतील सरकारी अभिलेखागार जळून खाक झाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या खानेसुमारीची बहुतेक सारी पत्रके त्यात गेली. सरकारने घरोघर जाऊन ज्यांची नावे लिहून घेतली होती, त्यांची राख झाली. किल्ल्यातील कागद मात्र वेगळ्या जागी असल्यामुळे वाचले. त्यामुळे एखाद्या खेड्यातील मोलकरणीचे वा विणकराचे नाव आज कोठे सापडलेच, तर पुष्कळदा ते तिने किंवा त्याने केलेल्या अर्जातच सापडते. सरकारने मोजले ते नाहीसे झाले. ज्यांनी मागितले ते राहिले. नकाराचा शेरा मारणाऱ्या कारकुनाला हे ठाऊक नव्हते की आपण त्या बाईला काही दिले नाही, तरी तिचा कागद मात्र जपून ठेवीत आहोत.

म्हणून माझी आपल्या सभासद भगिनींना एवढीच सूचना आहे. नळासाठी, शिधापत्रिकेसाठी, शाळेच्या रस्त्यासाठी, बालवाडीच्या जागेसाठी मंडळातर्फे आपण जे अर्ज करतो, त्यांची नक्कल तारखेसह ठेवावी, आणि खाली सही करणाऱ्या प्रत्येकीचे नाव पुरे लिहावे. काम होईल किंवा न होईल. पण आपल्या भागातील स्त्रियांना काय हवे होते आणि ते त्यांनी कोणत्या शब्दांत मागितले, हे कळण्यास पुढे दुसरे साधन उरेलच असे नाही.