गाडीची धाप

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा धापा बैल टाकीत; पुढे आमची जुनी मोटार टाकू लागली. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला धूर इंजिनाच्या पोटात साठतो. जुन्या गाड्यांत तो खाली सोडलेल्या नळीतून जाई. पण नळी ओढणार धावत्या गाडीखालच्या वाऱ्याने! कामशेतच्या सपाटीवर झकास. खंडाळ्याच्या चढाला इंजिन सर्वांत जास्त धुमसे, आणि नेमका तेव्हाच वारा गायब. धूर थेट आमच्या नाकात.

“अहो, काहीतरी जळतंय,” ही म्हणे.

कॅलिफोर्नियात १९६१ च्या सुमारास तो धूर झडपेतून परत इंजिनालाच गिळायला लावू लागले. लोणावळ्याच्या मिस्त्रीने आम्हांला नुसती रबरी नळी एअर फिल्टरला जोडून दिली.

पुढच्या खेपेला ही दचकली. “अहो, आज काहीच जळत नाही. गाडी बंद तर नाही ना पडली?”